पडलेला दात कशात न्यायचा? सांगलीच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंची पारख

कबड्डीत समोरच्याचं कोपर बसतं, लेदर बॉल टप्पा पडून तोंडावर येतो, खडीवर मोटारसायकल घसरते, आणि वरचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर येऊन मातीत पडतो. असा दात परत त्याच खोबणीत बसवता येतो आणि नीट धरला तर वर्षानुवर्षं टिकतो, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक असतं, तेही तो रुमालात गुंडाळून, खिशात घालून दवाखान्यात आणतात. खेळ तिथेच निम्मा हरलेला असतो.

सांगली-मिरजेत, आणि जिल्ह्याच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात, असा दात डॉक्टरपर्यंत नेण्यासाठी हाताशी काय काय मिळतं आणि त्यातलं कशाच्या भरवशावर राहावं, याची ही पारख. निकाल आधीच सांगून टाकतो. पहिला नंबर कुठल्याच दुकानातल्या वस्तूचा नाही, तो दाताच्या स्वतःच्या खोबणीचा. दुसरा पिशवीतल्या साध्या दुधाचा. खास या कामासाठी बनवलेली परदेशी डबी गुणात दुधाच्या तोडीस तोड, किंबहुना वरचढ आहे, पण वेळेला हाताशी नसते म्हणून मागे पडते.

पारखायचं कशावर, ते आधी. दाताच्या मुळावर एक पापुद्रा असतो, जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. दात आणि जबड्याचं हाड यांना बांधणारे धागे त्यात असतात. दात उपसला की हे धागे मधोमध तुटतात. अर्धे खोबणीत राहतात, अर्धे मुळाला चिकटून बाहेर येतात. मुळावरच्या पेशी जिवंत राहिल्या तर दोन्हीकडचे धागे परत सांधतात. मेल्या तर हाड मुळाला थेट चिकटतं आणि हळूहळू मूळ खात त्या जागी स्वतः भरत जातं. काही वर्षांनी दात मुळाविना उरतो आणि तुटतो. उघड्या कोरड्या हवेत अर्ध्या तासात बहुतेक पेशी मरतात, तासाभरात जवळपास सगळ्या. म्हणून प्रत्येक वस्तूला तीनच प्रश्न: पेशींना किती वेळ जगवते, दोन मिनिटांत मिळते का, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून ती वापरताना चूक किती सहज होते.

खोबणीला दहापैकी दहा

पडल्या पडल्या, तिथल्या तिथे परत बसवणं, याला तोड नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत दात जागेवर गेला तर पेशी बहुतेक शाबूत असतात.

आधी दात पक्का आहे ना, ते बघा. सहा-सात वर्षांच्या पोराच्या तोंडात दुधाचे आणि पक्के असे दोन्ही दात असतात. दुधाचा दात बारका आणि पांढराशुभ्र. पक्का दात रुंद, जरा पिवळसर, आणि नुकताच आलेला असेल तर त्याच्या धारेवर करवतीसारखे तीन उंचवटे दिसतात. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, कारण वर तयार होत असलेल्या पक्क्या दाताच्या कोंबाला धक्का बसतो. पोराला मात्र डॉक्टरकडे न्यायचंच.

पक्का असेल तर आरशात दिसतो तो पांढरा भाग धरून उचला. मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने, सलाईनने किंवा ज्याचा दात त्याच्याच थुंकीने हलकं खंगाळा. यातलं काहीच नसलं तर गार पाण्याच्या बारीक धारेखाली दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. मुळाला चिकटलेलं लालसर, ओलं कातडं दिसेल. घाण समजून ते नखाने खरवडायचा मोह होतो. ते कातडं म्हणजेच तो पापुद्रा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय.

मग दाताची फुगीर बाजू ओठाकडे आणि खोलगट बाजू जिभेकडे ठेवून मूळ खोबणीत सरकवा. बोटाने सावकाश, न थांबता दाबत शेजारच्या दाताच्या पातळीला आणा. आत रक्ताची गुठळी असते, ती थोडा विरोध करते. जोर लावायचा नाही, पण लगेच हात काढूनही घ्यायचा नाही. घडी केलेला स्वच्छ रुमाल किंवा गॉज दातांत चावून धरायला सांगा आणि निघा. थोडा वाकडा बसला तरी बिघडत नाही, पहिल्या ४८ तासांत डॉक्टर तो बोटाने दाबून सरळ करू शकतात.

माणूस बेशुद्ध किंवा गुंगीत असेल, जबडा मोडल्यासारखा वाटत असेल, पोर हातच लावू देत नसेल, तर हे करू नका. दात घशात जायची भीती असते. केमोथेरपी चालू आहे, हृदयाचा मोठा आजार आहे, अशा माणसाचा दात बसवायचा की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. डोक्याला मार लागून उलटी होतेय किंवा शुद्ध हरपतेय तर आधी १०८ ला फोन, दाताचं मग बघू.

या पर्यायाची खोट एकच. दुसऱ्याच्या रक्ताळलेल्या तोंडात दात बसवायला धीर लागतो, आणि तो सगळ्यांकडे असतोच असं नाही. धीर होत नसेल तर त्यात वेळ घालवू नका, दुधाकडे वळा.

पिशवीतलं दूध

सांगली जिल्ह्यात दूध शोधत फिरावं लागत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण. भिलवडीचं चितळे घ्या, कोल्हापूरकडून येणारं गोकुळ घ्या, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये पिशवी असतेच. या कामाला ब्रँडने काही फरक पडत नाही. फॅट कमी की जास्त, यानेही नाही. गाईचं साधं दूध मागा; म्हशीचंच मिळालं तर गाईच्या शोधात पुढच्या दुकानाला जाऊ नका.

दूध चालतं याचं कारण साधं आहे. शरीरातल्या पेशींना भोवतालच्या पाण्यात विरघळलेल्या क्षार-साखरेचं प्रमाण ठरावीक लागतं, मोजमापात सांगायचं तर २८० ते ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास. दूध २७५ च्या जवळपास बसतं. पीएच साडेसहाच्या थोडा वर, म्हणजे आंबट नाही. पाश्चराइज केल्यामुळे जंतू कमी. वर पेशींना जगायला लागणारे पोषक घटकही त्यात आहेत. गार दुधात पेशी दोन-तीन तास तरी तग धरतात. जत किंवा आटपाडीहून सांगली गाठायला तेवढा वेळ पुरतो, म्हणून बाहेरच्या तालुक्यांत तर दुधाला पर्याय नाही.

साध्या पाण्याचं काय होतं, तेही इथेच सांगितलेलं बरं. पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात, म्हणून पाणी पेशींच्या आत शिरतं, पेशी फुगतात आणि फुटतात. ग्लासभर पाण्यात दात टाकून निवांत रिक्षा शोधणाऱ्या माणसाला आपण तो वाचवतोय असं वाटतं, पण मुळावरच्या पेशी तासाभरात संपतात. अगदीच काही नसेल तेव्हा कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी बरं, इतकीच त्याची पायरी.

दुधात चुका होतात त्या या. चहाच्या टपरीवर मागितलं की पातेल्यातलं गरम, कधी साखर पडलेलं दूध मिळतं, ते नको. बदाम, वेलची, चॉकलेटचं दूध नको. ताक, लस्सी, दही अजिबात नको, त्यांचा पीएच साडेचारच्या आसपास असतो आणि तो आंबटपणा पेशींना मारतो. गोठ्यातलं निरसं दूध दुसऱ्या फळीत, त्यात जंतू जास्त. पण ऊसतोडीच्या फडावर दुसरं काही नसेल तर तेच घ्या. उकळून पूर्ण गार केलेलं घरचं दूध चालतं. आणि दात पिशवीत टाकून, तोंड पिळून हातात धरून नेऊ नका. पिशवी सुटते, दूध सांडतं, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत दात प्लास्टिकला चिकटून सुकलेला असतो.

घरच्या आणि मैदानावरच्या पेटीसाठी टेट्रा पॅकमधलं २०० मिलिलिटरचं साधं दूध सरस. न फोडता फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकतं आणि गुणाने पिशवीतल्या दुधाच्या बरोबरीचं ठरतं. पाकिटावर 'साधं दूध' आहे ना, फ्लेवर्ड नाही ना, आणि तारीख, एवढं बघा. दुधाला दहापैकी नऊ. एक गुण कापला तो रात्री साडेअकराला दुकानं बंद असतात म्हणून.

सलाईन: लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका

मेडिकलमध्ये जाऊन नुसतं 'सलाईन द्या' म्हटलं की तीन-चार प्रकारच्या बाटल्यांपैकी कुठलीही हातात पडू शकते. हवी ती 'सोडियम क्लोराइड ०.९ टक्के', बोलीत एनएस. तिचा मिलिऑस्मोलचा आकडा ३०८, म्हणजे पेशींना मानवणारा. शेजारच्याच फळीवरची डीएनएस दिसायला हुबेहूब तशीच, पण तिच्यात त्याच मिठाच्या जोडीला पाच टक्के ग्लुकोज असतं आणि आकडा साडेपाचशेच्या पुढे जातो. अशा पाकात पेशी पाणी सोडून आकसतात. डी-फाइव्ह म्हणजे नुसतं पाच टक्के ग्लुकोज, तिच्यात मीठच नाही. आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, असेल तर वेळ भागेल. काही मेडिकलवाले शिरेतून द्यायची बाटली चिठ्ठीशिवाय देत नाहीत; जखम धुवायला हवीय असं सांगितलं की बहुतेक जण इरिगेशनची बाटली काढून देतात, आणि ती चालते.

पण एनएसलाही मर्यादा आहे. क्षाराचं गणित बरोबर, पेशींना खायला मात्र काही नाही. त्यामुळे तासाभराच्या आतल्या प्रवासाला ठीक, विटा-जतच्या अंतराला नाही. सलाईनचा खरा उपयोग दात खंगाळायला. त्या कामात तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही: झाकण फोडा, बारीक धार सोडा, माती निघून जाते आणि पापुद्र्याला धक्का लागत नाही. १०० मिलिलिटरची बाटली पुरे. एकदा फोडली की उरलेली टाकून द्या.

सलाईनच्या नावाखाली घरात असणाऱ्या आणखी दोन बाटल्या मात्र दूर ठेवा. नाकात घालायच्या थेंबांत मिठाचं प्रमाण वेगळं आणि बऱ्याच बाटल्यांत टिकवण्यासाठी औषध घातलेलं असतं. कॉन्टॅक्ट लेन्सच्या पाण्याचं तर कामच जंतू मारणं. ते पेशींना सोडत नाही. घरी केलेलं मिठाचं पाणीही नको. ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ टाकलं तर प्रमाण अडीच टक्क्यांवर जातं, हवं त्याच्या जवळपास तिप्पट.

खास डबी

जाळीची टोपली, त्यात हँक्सचं संतुलित क्षारद्रावण, वर घट्ट फिरकीचं झाकण. हे द्रावण प्रयोगशाळेत पेशी वाढवायलाच वापरतात. पीएच ७.४, क्षार नेमके, ग्लुकोज आहे, कॅल्शियम आहे. चोवीस तासांपर्यंतही पेशी तगतात. दात जाळीत ठेवल्यामुळे प्रवासात डबीच्या काठावर आपटत नाही, ही बारीकशी सोय खरंच आवडण्यासारखी आहे.

अडचण वस्तूत नाही, वितरणात आहे. नेहमीच्या मेडिकलच्या फळीवर ती दिसत नाही, ऑनलाइन मागवावी लागते, एकदाच वापरता येते आणि मुदत संपते. घरात एक ठेवावी असा सल्ला इथे देववत नाही. व्यायामशाळा, हॉकी-कबड्डीचा संघ, शाळेचं क्रीडा खातं यांनी एक ठेवायला हरकत नाही, पण मग तिची तारीख बघायला एक माणूस नेमा. मुदत संपलेल्या डबीपेक्षा ताजं दूध शंभर पटीने बरं.

दोन जाणत्या संस्थांचं इथे एकमत नाही, हेही ऐकून ठेवा. दातांच्या इजांवर काम करणाऱ्या आयएडीटी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात दुधाला पहिलं स्थान दिलं, मग हे द्रावण, मग थुंकी, मग सलाईन. त्याच वर्षी प्रथमोपचाराचे नियम ठरवणाऱ्या आयएलसीओआरने हे द्रावण, तांदळाचं ओआरएस आणि किचनमधली प्लास्टिकची चिकट फिल्म या तिघांना दुधाच्या वर ठेवलं. एकाने सहज काय सापडतं ते जास्त धरलं, दुसऱ्याने पेशींच्या चाचण्या मोजल्या. सांगलीतल्या माणसाने पहिल्याचं ऐकावं आणि दुसऱ्याची फिल्म लक्षात ठेवावी, असं आमचं मत.

ओआरएस, फिल्म, थुंकी

तांदळाच्या ओआरएसमध्ये रायसेट्रल हे नाव मेडिकलवाले ओळखतात. वस्तू चांगली, पण पुडी मोजून पाण्यात कालवावी लागते, आणि मैदानावर मोजमाप कोण करतं? एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये टाकली की सगळं प्रमाण दुप्पट. हातपाय थरथरत असताना हा उद्योग दुधापुढे फिका पडतो. ओआरएससारखी दिसणारी टेट्रा पॅकमधली गोड पेयं तर यासाठी नकोतच, त्यांत साखर भरमसाट.

फिल्म मात्र अवश्य. पराठे, कापलेली फळं गुंडाळायला वापरतात ती साधी पारदर्शक फिल्म. दातावर ज्याचा त्याने थुंकायचं, आणि तो ओला असतानाच हवा न राहील असा दोन-तीन वेढ्यांत गुंडाळायचा. फिल्म पेशींना काही देत नाही, फक्त सुकू देत नाही. पण मारते ते सुकणंच. रात्री, दुकानं बंद असताना, घरात दूधही संपलेलं असताना हाच मार्ग.

थुंकी कामचलाऊ. क्षार कमी आणि जंतू भरपूर, त्यामुळे अर्ध्या तासापलीकडे तिच्यावर विसंबू नका. शहाण्या, शुद्धीवरच्या मोठ्या माणसाने दात गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून नेला तरी चालतं, पोराच्या तोंडात मात्र ठेवू नका, गिळतं. त्यापेक्षा वाटीत थुंकायला सांगून त्यात दात बुडवा.

शहाळ्याचं पाणी आणि अंड्याचा पांढरा बलक यांच्याबद्दल बरंच लिहिलं-बोललं जातं. शहाळं आंबट बाजूला झुकतं, आणि त्यावरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. अंड्याचा पुरावाही अपुरा. दोन्ही सोडा.

हळदीबद्दल

हळदीच्या पेठेत राहून हे लिहिणं जिवावर येतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इथल्या घराघरात जखम दिसली की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. पण पडलेल्या दाताला हळद लावू नका, हळदीच्या पाण्यातही ठेवू नका. आयएलसीओआरने हळदीचा अर्क दुधाच्या खाली टाकलाय, आणि सुकी पूड तर मुळावरचा ओलावाच शोषून घेते. तेच डेटॉल, बीटाडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिटचं. जंतू मारतं ते पेशीही मारतं. खोबणीत कापूस कोंबू नका, तंबाखूची चिमूट तर नकोच नको. गालावर बाहेरून बर्फ शेका, हवं तेवढं. दात मात्र बर्फात किंवा फ्रीजरमध्ये ठेवू नका.

सगळ्यात उपयोगी वस्तू दुधाइतकीच स्वस्त आहे आणि कुणाच्या यादीत नसते: लघवी तपासायला देतात ती नवी, पाकीटबंद डबी. तीस-पन्नास मिलिलिटरची, फिरकीच्या झाकणाची, आतून निर्जंतुक. कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या शेजारच्या मेडिकलमध्ये मिळते. अर्धी डबी दूध भरलं की दात पूर्ण बुडतो, आरपार दिसतो, सांडत नाही. बाहेर चिकटवायच्या चिठ्ठीवर नावाच्या जागी दात पडल्याची वेळ लिहा: '५.४० ला पडला, ५.५२ ला दुधात'. डॉक्टरांना या दोन आकड्यांहून मोलाचं काही सांगता येत नाही. उरलेली गार पिशवी डबीला टेकवून ठेवली की प्रवासात दूध तापत नाही.

दवाखाना कसा ओळखावा

वाटेत असतानाच फोन करा आणि थेट बोला: 'पक्का दात मुळासकट पडलाय, इतक्या मिनिटांत दुधात ठेवलाय, आत्ता बसवाल का?' 'उद्या सकाळी या' असं उत्तर आलं तर आभार मानून पुढचा नंबर लावा. जत-कवठेमहांकाळकडून येणाऱ्याला मिरज ओलांडली की सांगली रस्त्यावर वानलेसवाडीचं भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज लागतं. तासगावकडून येणाऱ्याला कवलापूरचं वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज वाटेतच आहे. कराड बाजूच्यांना कृष्णाचं. कॉलेजची बाह्यरुग्ण खोली दिवसाची असते, आणि दात बहुधा संध्याकाळच्या सरावात पडतात. म्हणून रात्री उघडणारा एक खाजगी दातांचा डॉक्टर आधीच विचारून ठेवलेला असावा.

चांगला दवाखाना काय करतो? जागा बधिर करतो, खोबण सलाईनने धुतो, दात बसवून एक्स-रे काढतो आणि तार बांधतो. तारेवर बारीक नजर ठेवा. ती लवचिक हवी, जास्तीत जास्त ०.४ मिलिमीटर जाडीची, शेजारच्या दातांना चिकटवलेली. कडक, जाड तारेने दात गच्च आवळला की तो बरा वाटतो, पण किंचितही हलू न शकणाऱ्या दाताला हाड चिकटण्याचा धोका वाढतो. तार दोन आठवडे. खोबणीचं हाड मोडलं असेल तर चार. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंय का ते बघणं आणि अँटिबायोटिक, त्याच दिवशी.

मूळ पूर्ण तयार झालेल्या दाताची नस परत जिवंत होत नाही, म्हणून रूट कॅनॉल दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. इथे सगळ्यात जास्त ढिलाई होते. दुखत नाही, हलत नाही, मग कशाला, म्हणून माणूस जातच नाही. आत सडलेली नस मूळ पोखरत राहते. याउलट सात-आठ वर्षांच्या पोराच्या नव्या दाताचं मूळ टोकाला नळीसारखं उघडं असतं, त्यात रक्तपुरवठा परत सुरू होऊ शकतो. त्याचं रूट कॅनॉल घाईने करणारा दवाखाना बदला.

दात तासाभराहून जास्त कोरडा राहिला तरी फेकून देऊ नका. पोरांच्या बाबतीत असा दातही काही वर्षं जागा आणि हाड धरून ठेवतो. बारा वर्षांच्या मुलाला 'दात टाका, इम्प्लांट करू' असं कुणी सांगत असेल तर सरळ दुसऱ्याचं मत घ्या, कारण जबड्याची वाढ थांबेपर्यंत इम्प्लांट बसवत नाहीत.

दात सापडलाच नाही तर तो गिळला किंवा श्वासाबरोबर आत गेला असू शकतो, किंवा हिरडीत वर घुसलेला असतो. खोकला किंवा धाप असेल तर छातीचा एक्स-रे आधी.

तार असेपर्यंत वरण-भात, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. भडंग बंद, ऊस तर दूरच. प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रश, आणि ०.१२ टक्क्यांच्या क्लोरहेक्सिडीनने दिवसातून दोनदा चूळ. मग दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि पुढे दरवर्षी किमान पाच वर्षं तपासणी. ही यादी लांब वाटते, पण हाड मूळ खात असेल तर ते एक्स-रेशिवाय कळत नाही.

माउथगार्डचं दोन ओळींत. क्रीडा साहित्याच्या दुकानात मिळणारं, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं गार्ड नसल्यापेक्षा खूप बरं, पण सैल बसलं तर पोरं ते खिशात ठेवतात. दातांच्या डॉक्टरकडून मापाचं, पुढच्या बाजूला तीन-चार मिलिमीटर जाडीचं करून घेतलेलं खरं टिकतं. वाढत्या मुलाला दरवर्षी नवं लागतं.

मैदानाची पेटी भरायची तर: टेट्रा पॅकचं साधं दूध दोन, तपासणीच्या डब्या दोन, एनएस १०० मिलिलिटर, गॉजचं पाकीट, हातमोजे, फिल्मचा छोटा रोल, पेन, आणि झाकणाच्या आतून चिकटवलेले दोन डॉक्टरांचे नंबर. सगळं मिळून एका माणसाच्या साध्या हॉटेलच्या जेवणाइतका खर्च. पेटीत वर्षभर न टिकणारी वस्तू एकच, दूध. आणि ते मुदत संपण्याआधीच संपतं, कारण सरावानंतर भूक लागलेलं कुणीतरी ते पिऊन टाकतं. पाकिटावर चिकटपट्टी लावून जाड अक्षरात 'दातासाठी' लिहा, आणि तरीही दर महिन्याला पेटी उघडून मोजा.